आयसीयूच्या बाहेर सही कोण करणार?

आजचा भाग जरा जड आहे. प्रवासात ऐकत असाल तर ऐका, जेवताना मात्र नको.

तीन वर्षांपूर्वी माझ्या आजोबांना पक्षाघाताचा दुसरा झटका आला. वय ८१. नऊ दिवस व्हेंटिलेटरवर होते. दहाव्या दिवशी डॉक्टरांनी बाबांना आणि काकांना बाहेर बोलावलं आणि विचारलं, गळ्याला छिद्र पाडून नळी बसवायची का? शुद्ध परत यायची आशा जवळपास नाही, हेही त्यांनी सरळ सांगितलं. बाबा म्हणाले, नको, आता त्यांचे हाल नकोत. काका म्हणाले, "दादा, तू अण्णांना मारायला निघालास." कॉरिडॉरमध्ये, सगळ्यांसमोर. फॉर्म तसाच टेबलावर राहिला. अकराव्या दिवशी पहाटे आजोबा आपले आपणच गेले. पण ते एक वाक्य आमच्या घरात राहिलं. तेव्हापासून दोघं भाऊ फक्त लग्नकार्यात बोलतात, तेही "जेवलास का" एवढंच.

त्यानंतर मी वाचायला लागलो. आपल्याकडे हा विषय निघाला की एक नाव येतंच, अरुणा शानबाग. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथल्याच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर अत्याचार केला, गळा कुत्र्याच्या साखळीने आवळला. मेंदूला रक्त पोचलं नाही. त्या वाचल्या, पण परत आल्या नाहीत. त्याच हॉस्पिटलमध्ये पुढे जवळजवळ ४२ वर्षं.

२००९ मध्ये लेखिका पिंकी विराणी यांनी सुप्रीम कोर्टात याचिका केली, की यांना आता अन्न देणं थांबवावं आणि शांतपणे जाऊ द्यावं. केईएमच्या परिचारिका म्हणाल्या, अजिबात नाही. आणि इथे मी अडकलो. कारण कॉलेजात, हॉस्टेलच्या खोलीत वाद झाला होता तेव्हा मी छातीठोकपणे म्हणालो होतो, "हे कसलं जगणं यार?" आणि इकडे या बायका. एक पिढी रिटायर झाली, दुसरी आली, कुणाचं त्यांच्याशी रक्ताचं नातं नाही. रोज आंघोळ, रोज भरवणं, कूस बदलणं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईला बेडसोअर होऊ दिला नाही. त्यांना मासे आवडतात, असं त्या सांगायच्या. ज्यांनी रोज घास भरवला, त्यांना मी माझ्या खोलीत बसून "कसलं जगणं" हे शिकवणार?

७ मार्च २०११ ला निकाल आला. याचिका फेटाळली. कोर्ट म्हणालं, अरुणाच्या वतीने बोलायचा हक्क केईएमच्या लोकांचा, कारण इतकी वर्षं सांभाळलंय त्यांनी. पण त्याच निकालात एक दार उघडलं: हायकोर्टाच्या परवानगीने अशा रुग्णाचे जीवरक्षक उपचार थांबवता येतील. इंजेक्शन देऊन मारणं वेगळं, तो तेव्हाही गुन्हा होता आणि आजही आहे. अरुणा १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने गेल्या.

निकाल मला पटतो, तरी एक गोष्ट टोचत राहते. विराणींना काय वाटतं ते कळलं, परिचारिकांना काय वाटतं ते कळलं. अरुणांना काय हवं होतं? कुणालाच माहीत नाही. पंचविशीतल्या मुलीला असं कोण विचारणार?

आमच्या कामात कॉन्फिग फाइल लिहिली नाही की सिस्टीम डिफॉल्टवर चालते. आयसीयूचं डिफॉल्ट आहे "चालू ठेवा". आणि ते बरोबरच आहे, हो. नाहीतर म्हातारा माणूस, अपंग माणूस, ज्याचं बिल परवडत नाही असा माणूस, यांच्या बाबतीत "आता पुरे" हे फार लवकर म्हटलं जाईल. म्हणून डिफॉल्ट बदलायचं असेल तर ते ज्याचं त्यानेच बदलावं, शुद्धीत असताना.

त्याची सोय आहे. ९ मार्च २०१८ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने लिव्हिंग विलला मान्यता दिली. तेव्हा त्यावर मॅजिस्ट्रेटची सही लागायची, त्यामुळे कोण त्या वाटेला जाणार? जानेवारी २०२३ मध्ये नियम सोपे झाले. आता दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. तुमच्या वतीने बोलणाऱ्यांची नावं लिहायची. एक प्रत महापालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. आणि कागद दाखवला की लगेच मशीन बंद, असं नाही. आधी हॉस्पिटलचं तीन डॉक्टरांचं मंडळ, मग दुसरं मंडळ, त्यात बाहेरून नेमलेला डॉक्टर. तुम्ही नाव लिहिलेल्यांची संमती लागते. दोन्ही मंडळांचं एकमत झालं तरच.

तर मी माझं लिहायला घेतलं. वय २८. आई म्हणाली, "तुला मेलं दुसरं काही सुचत नाही? लग्नाचं बघायचं सोडून मरणाचे कागद कसले करतोस!" दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

बाबांनी मात्र मसुदा पूर्ण वाचला. चष्मा काढला. मी त्यांचं नाव लिहिलं होतं. ते म्हणाले, "दोन नावं लिहितोयस ना? दुसरं काकांचं टाक."

मी म्हटलं, काका नाहीच म्हणतील.

"म्हणून तर. आम्ही दोघंही हो म्हणालो, तरच खरं. आणि तूच फोन कर, मी नाही करणार."

गेल्या रविवारी केला. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अण्णांनी असं काही लिहून ठेवलं असतं, तर मी..." आणि तिथेच थांबले. मग म्हणाले, पाठव, वाचतो.

पीडीएफ पाठवलंय. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर अजून नाही. आलं की पुढच्या एखाद्या भागात सांगेन. तुमच्या घरी कुणाशी हे बोलणं झालं असेल तर व्हॉइस नोट पाठवा, नाव न घेता लावेन. चला, भेटू.