सुरवंटाची गोष्ट आणि घरातली मराठी
(सुवर्णमहोत्सवी वर्षातील पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



लहान मुलांना पुस्तकाची गोडी कशी लावावी, यावर बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हां उभयतांना केली आहे. आम्ही शिक्षणतज्ज्ञ नव्हे, आजी-आजोबा आहोत. तेव्हा घरातला अनुभवच आपल्यापुढे ठेवतो.

आमची नात हिंदी मुलखात जन्मली. चार वर्षांची असताना बागेत ती आनंदाने ओरडली, "आजी, फुलपाखरू उडाली!" आम्ही सारे हसलो. तिच्या मनात 'तितली' होती आणि हिंदीला नपुंसकलिंग ठाऊकच नाही. चूक क्षुल्लक होती. पण आमचे हसणे तिला लागले. पुढे कित्येक दिवस ती आमच्याशी हिंदीतच बोलत राहिली. दोष तिचा नव्हता, आमचा होता.

त्याच सुमारास एरिक कार्ल यांचे 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' हे चित्रपुस्तक घरात आले. १९६९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाची गोष्ट एवढीशीच आहे. अंड्यातून एक भुकेला सुरवंट निघतो. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन नासपती, बुधवारी तीन आलुबुखार, गुरुवारी चार स्ट्रॉबेरी, शुक्रवारी पाच संत्री, असे तो खात सुटतो. शनिवारी केकपासून कलिंगडापर्यंत दहा जिन्नस फस्त केल्यावर त्याचे पोट दुखू लागते. रविवारी एक हिरवे पान खाल्ल्यावर बरे वाटते. मग कोश, आणि अखेरीस रंगीत फुलपाखरू. चित्रे रंगवलेल्या पातळ कागदाचे तुकडे चिकटवून केलेली आहेत. फळांना खरीखुरी भोके आहेत. मुलांचे बोट त्यांत शिरल्यावाचून राहत नाही.

इंग्रजी मजकूर आम्ही बाजूला ठेवला आणि चित्रांवरून मराठीत सांगू लागलो. तेव्हा ध्यानात आले की, अंडे, पान, भोक, सफरचंद, संत्रे, कलिंगड, फुलपाखरू ही सारी मराठीत नपुंसकलिंगी! 'सफरचंद खाल्ले', 'स्ट्रॉबेरी खाल्ल्या', 'संत्री खाल्ली' असे रोज रात्री म्हणताना वार, अंक आणि लिंगवचन आपोआप कानावरून जाऊ लागले. ती चुकली तर आम्ही टोकले नाही. तोच शब्द पुढच्या पानावर नीट उच्चारला, इतकेच. एके रात्री शेवटचे पान उलटण्यापूर्वीच ती म्हणाली, "आता ते उडणार!" आम्ही एकमेकांकडे पाहिले. या वेळी कोणी हसले नाही.

कार्ल यांचा जन्म १९२९ साली अमेरिकेत झाला. सहाव्या वर्षी ते आईवडिलांसह जर्मनीत गेले आणि १९५२ साली पुन्हा अमेरिकेत परतले. दोन देशांत, दोन भाषांत वाढलेल्या या चित्रकाराचे २०२१ साली निधन झाले. आपल्या मुलांनाही दोन-तीन भाषांत वाढावयाचे आहे. त्यांत मराठीची जागा आपणच राखावयाची आहे.

म्हणून दोनच विनंत्या करतो. मंडळाच्या ग्रंथालयात मोठ्यांच्या कादंबऱ्यांशेजारी चित्रपुस्तकांचे एक कपाट असावे. आणि घरोघरी निजण्यापूर्वीची दहा मिनिटे मूल मांडीवर घेऊन मराठीत गोष्ट सांगण्यासाठी राखावी. पुस्तक कोणत्याही भाषेतले असो, सांगणाऱ्याची जीभ मराठी असली म्हणजे झाले. आणि मूल चुकले तर हसू नये.