अडचण वर पोहोचली पाहिजे

(अभियांत्रिकी प्रशिक्षणार्थींच्या वर्गात केलेले भाषण)



कलाशाखेच्या पदवीधराने अभियंत्यांपुढे कार्यपद्धतीवर बोलावे, हे काहीसे धाडसाचेच आहे. परंतु माणसे एकमेकांपर्यंत आपले म्हणणे कसे पोहोचवितात हा माझ्या व्यवसायाचा विषय. आणि आजच्या विषयाचे मर्मही तेच आहे.

१९८६ साली हिरोताका ताकेउची व इकुजिरो नोनाका या दोन जपानी प्राध्यापकांनी एक निरीक्षण मांडले. नवे उत्पादन रिले शर्यतीतील काठीप्रमाणे एका खात्याने दुसऱ्याच्या हाती देण्यापेक्षा, रग्बीच्या संघाप्रमाणे सर्वांनी मिळून पुढे न्यावे, हे त्याचे सार. ‘स्क्रम’ हा शब्द त्याच खेळातला. पुढे फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा येथे सतरा संगणकतज्ज्ञांनी ‘ॲजाइल’ म्हणजे चपळ कार्यपद्धतीचा जाहीरनामा तयार केला. लहान संघ, थोड्या आठवड्यांचे टप्पे आणि प्रत्येक टप्प्याअखेर प्रत्यक्ष तयार झालेले काम पाहून पुढील आखणी, असे या पद्धतीचे स्वरूप आहे.

सात-आठ माणसांना हे साधेल. पण मोठ्या कारखान्याचे काय? शिवाय संगणकाची आज्ञावली बदलता येते, तसे एकदा कापलेले पोलाद बदलता येत नाही. या शंकेला स्वीडनमधील साब कंपनीने ‘ग्रिपेन ई’ या लढाऊ विमानाच्या उभारणीत उत्तर दिले. तेथे शंभराहून अधिक संघ तीन आठवड्यांच्या समान टप्प्यांनी काम करीत. विमानाचे भाग परस्परांना जेथे जोडले जातात, त्या सांध्यांचे नियम आधी ठरविलेले असत. त्यामुळे एका संघाने आपल्या भागात सुधारणा केली तरी शेजारच्या संघाचे काम मोडत नसे.

परंतु मला विशेष भावली ती तेथील सकाळ. साडेसात वाजता प्रत्येक संघाची छोटी बैठक. तेथे न सुटलेली अडचण पावणेआठच्या बैठकीत जाई. तेथेही न सुटली तर आणखी वर. पायरी-पायरीने चढत ती पावणेनऊपर्यंत वरिष्ठांच्या मंडळापुढे येई आणि तिचा निकाल लावण्याची जबाबदारी त्यांच्यावर असे. सव्वा तासात तळाची अडचण शिखरावर! १५ जून २०१७ रोजी त्या विमानाने पहिले उड्डाण केले.

मित्रहो, या पद्धतीचे बाह्यरूप उचलणे सोपे आहे. भिंतीवर फळा लावावा, रंगीत चिठ्ठ्या डकवाव्यात, पदांची नावे बदलावीत, आणि सकाळची बैठक मात्र हजेरी घेण्यापुरती उरावी, असे सहज घडू शकते. ज्या बैठकीत ‘माझे काम अडले आहे’ असे म्हणणाऱ्यालाच दोषी ठरविले जाते, तेथे दुसऱ्या दिवसापासून कोणाचेच काम अडलेले नसते!

माझाच अनुभव सांगतो. एका प्रदर्शनाच्या पुस्तिकेतील नकाशात एका तालुक्याचे नाव चुकीच्या जागी छापले गेले. सर्व प्रती रद्द कराव्या लागल्या. ही चूक अक्षरजुळणी करणाऱ्या मुलाच्या पहिल्याच दिवशी लक्षात आली होती. “मग सांगितले का नाही?” असे मी रागाने विचारले. तो म्हणाला, “साहेब, मला कोणी विचारलंच नाही.” दोष त्याचा नव्हता, माझा होता.

पुस्तिका रद्दीत टाकता येते. विमानातील किंवा पुलातील चूक माणसांचे प्राण घेते. म्हणून उद्या आपण अधिकारी व्हाल तेव्हा एवढेच पाहावे: आपल्या हाताखालच्या सर्वांत कनिष्ठ माणसाला दिसलेला दोष आपल्यापर्यंत पोहोचण्यास किती दिवस लागतात? आणि तो पोहोचल्यावर सांगणाऱ्याला आपण काय म्हणतो? कोणतीही नवी पद्धत आपल्या कारखान्यात खरोखर रुजली की नाही, याची कसोटी या दोन उत्तरांतच आहे.