झेपेल तेवढीच जोखीम

आज ओळख करून घेऊ अमेरिकेतल्या ओमाहा शहरच्या वॉरन बफे यांची. त्यांचा मोठा धंदा विम्याचा, म्हणजे हप्ता घेऊन दुसऱ्याची जोखीम आपल्या डोक्यावर घ्यायची.

१९६७ साली त्यांनी नॅशनल इंडेम्निटी ही विमा कंपनी घेतली. १९८६ नंतर इतर कंपन्या परवडणार नाही इतक्या स्वस्तात विमे विकू लागल्या. बफेंच्या कंपनीने तसले विमे नाकारले. धंदा कित्येक वर्षं घटत गेला, पण काम कमी झालं म्हणून कुणाला घरी बसवलं नाही. कारण नोकरी जायची भीती असली, की माणूस बुडीत व्यवहारालाही होकार देतो.

बफे १९५८ साली घेतलेल्या घरातच राहतात. पत्त्यांतला ब्रिज खेळतात, युकुलेली हे छोटं तंतुवाद्य वाजवतात. २००६ साली त्यांनी बहुतेक संपत्ती दान करण्याचं जाहीर केलं.

आपल्या बचत गटातही ओळखीच्या बाईला कर्ज नाकारणं जड जातं. पण पेटीतला पैसा साऱ्याजणींच्या घामाचा आहे. म्हणून सही करण्याआधी विचारा, "ताई, हप्ता कशातून फेडणार?" असं विचारण्यात अविश्वास नाही. त्यात तिचीही काळजी आहे.