जखमेतली वीज
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणावरून)



आपल्या प्रयोगशाळेतला गॅल्व्हॅनोमीटर आठवतो? सुई हलली की आपण ओरडायचो आणि सर रागवायचे. १८४३ साली एमिल द्यू बुआ-रेमों या जर्मन शास्त्रज्ञाने तसल्याच, पण फार नाजूक उपकरणाला स्वतःचं कापलेलं बोट जोडलं, आणि जखमेतून वाहणारी वीज मोजली. कातडीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक असतो. कातडी फाटली की तिथे शॉर्ट सर्किट झाल्यासारखं होतं, आणि कडेच्या पेशी त्या विजेची दिशा धरून आत सरकतात. या हालचालीत कोणती जनुकं काम करतात, ते २००६ साली मिन झाओ आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये मांडलं. जखमेला बाहेरून सौम्य वीज देण्याची कल्पना यातूनच आलेली आहे.

लेझरची गोष्ट बुडापेस्टची. १९६७ साली एन्द्रे मेस्टर यांनी उंदरांच्या पाठीवरचे केस काढून तिथे मंद रूबी लेझर सोडलं. केस उलट लवकर उगवले! पुढे त्यांनी ते माणसांच्या न भरणाऱ्या जखमांवर वापरलं. हे कापणारं लेझर नव्हे. लाल किंवा अवरक्त प्रकाश तंतुकणिकांमधलं एक विकर शोषतं आणि पेशीची ऊर्जा वाढते, असं त्याचं प्रचलित स्पष्टीकरण आहे. (तंतुकणिका म्हणजे काय, हे बाई आत्ताही विचारतील!) मात्रा मात्र नेमकी हवी. कमी पडली तर उपयोग नाही, जास्त झाली तर परिणाम उलटा.

मग हे खरं की थोतांड? दोन्ही म्हणणं चूक. कॅन्सरच्या उपचारात तोंड येतं, ते टाळण्यासाठी हा प्रकाश आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांमध्येही सुचवलेला आहे. पण मधुमेही पायाच्या जखमेबद्दलची तत्त्वं बजावतात की नेहमीच्या चांगल्या उपचारांऐवजी वीज वगैरे वापरू नका. अमेरिकेतली मेडिकेअर योजना विजेच्या उपचाराचे पैसे देते, पण आधी ३० दिवस नेहमीचे उपचार करूनही जखमेत फरक पडला नसेल तरच.

हा क्रमच मला सांगायचा आहे. आपल्या ग्रुपवर आईवडिलांच्या पायाविषयी सारखं कुणीतरी विचारतं, म्हणून हा विषय घेतला. मी डॉक्टर नाही, पण माझ्या सासऱ्यांच्या तळपायाला अशी जखम होती. एका क्लिनिकने वीस सिटिंगचं लेझर पॅकेज सांगितलं, पैसे आगाऊ. तिथे कुणी पायातली नाडी पाहिली नाही की चप्पल काढून बघितली नाही. आम्ही दुसऱ्या सर्जनकडे गेलो. त्यांनी आधी पायाचा रक्तपुरवठा तपासला, तो ठीक होता. मेलेली कातडी काढली, साखर आटोक्यात आणायला सांगितलं आणि भार जखमेवर येऊ नये म्हणून गुडघ्यापर्यंतचं खास प्लास्टर घातलं. लेझरचं विचारलं तर म्हणाले, “अडलं तर बघू.” अडलं नाही. सगळ्यांत कठीण गेलं ते सासऱ्यांचं रोजचं देवळात चालत जाणं थांबवणं. “देव काय घरी येणार आहे का?” म्हणायचे. शेवटी सासूबाई प्रसाद घरी आणायला लागल्या.

कुणी लेझर सुचवलं तर एवढं विचारा: पायाला रक्त नीट पोचतंय का, भार कसा काढणार, लेझरची तरंगलांबी आणि मात्रा किती. प्रकाश चालू असताना डोळ्यांवर त्यासाठीचा चष्मा हवाच. जखमेच्या जागी कॅन्सर नाही ना, हे आधी बघायला हवं. आणि पेसमेकर बसवलेला असेल, तर विजेचं यंत्र लावण्याआधी ते डॉक्टरांना सांगा. कार्डही बरोबर न्या.