शहर कशावर जगतं?
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला धम्मावर बोलायची रीत आहे. मी आज भूगोलावर बोलणार आहे. गिरणीकामगाराला भूगोल कशाला, असं कुणी म्हणेल. तर सूत काढणाऱ्याला हवा कळावी लागते. हवा कोरडी पडली की धागा तुटतो, म्हणून रिंग खात्यात पाण्याचा फवारा मारून हवा दमट ठेवतात. मुंबईत एवढ्या गिरण्या निघाल्या त्याला बंदर, रेल्वे ही कारणं होतीच, पण समुद्राची दमट हवा हेही एक कारण होतं. म्हणजे भूगोल हा आपल्या भाकरीशी बांधलेला विषय आहे.

हा विषय मला एका भिक्खूनं शिकवला. त्यांचं नाव ह्युएन त्संग. सातव्या शतकात ते चीनमधून पायी निघाले, भारतभर फिरले आणि ६४५ साली सहाशेच्या वर ग्रंथ घेऊन परत गेले. आपल्या महाराष्ट्रातही ते येऊन गेले. तेव्हा पुलकेशी राजा होता. त्यांची लिहिण्याची पद्धत बघा. कुठल्याही देशात गेले की आधी विस्तार, मग माती कशी, हवा कशी, काय पिकतं, माणसं कशी, आणि मग विहार किती, भिक्खू किती. महाराष्ट्राची जमीन त्यांनी सुपीक सांगितली, हवा उष्ण सांगितली, माणसं साधी पण मानी सांगितली, आणि शंभराच्या आसपास विहार व पाच हजार भिक्खू असल्याची नोंद केली. ही नोंद राहिली म्हणून आज आपण छातीठोकपणे सांगू शकतो की ही भूमी बुद्धाची होती.

ते परत गेले ते चांगआन शहरात. आज त्याला शिआन म्हणतात. समुद्रापासून जवळजवळ हजार किलोमीटर आत, वेई नदीच्या खोऱ्यात ते वसलंय. दक्षिणेला डोंगराची मोठी रांग, आणि माती पिवळी, मऊ, वाऱ्यानं आणून टाकलेली. पाऊस वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर, म्हणजे आपल्या पुण्यापेक्षा कमीच. हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो. गहू आणि राळा हे तिथलं जुनं पीक. रेशमाचा व्यापारी रस्ता तिथून पश्चिमेला जायचा. त्या काळी दहा लाखांच्या आसपास वस्ती होती असं सांगतात. आखीव रस्ते, पूर्वेला एक बाजार, पश्चिमेला एक बाजार. ह्युएन त्संगांनी नेलेले ग्रंथ ठेवायला ६५२ साली तिथं स्तूप बांधला. तो आजही उभा आहे.

पण एवढ्या मोठ्या राजधानीचं पोट आजूबाजूच्या शेतीवर भरेना. धान्य लांबून, कालव्यातून आणि नदीतून आणावं लागे. टंचाईच्या वर्षी बादशहा दरबार उचलून लोयांगला जाई. शेवटी ९०४ साली राजधानी मोडली आणि घरांची लाकडंसुद्धा नदीतून वाहून नेली. पुढं ते शहर पुन्हा उठलं. १९५० च्या दशकात तिथं कापडगिरण्यांची वसाहत झाली, आणि आज विमानं व संगणकाच्या चिप बनवणारं सव्वा कोटीच्या वर वस्तीचं शहर आहे.

यातून मी तीन प्रश्न घेतले. शहराला पाणी कुठून येतं? अन्न आणि पैसा कुठून येतो? आणि हात कुणाचे राबतात? हे तीन प्रश्न विचारले की कुठल्याही शहराची नाडी सापडते.

मुंबईच्या गिरण्यांना हेच विचारून बघा. आपल्या मुळशी तालुक्यात ताम्हिणीकडं पाऊस पुण्याच्या कित्येक पट पडतो. तो अडवायला धरण बांधायचं ठरलं. १९२१ साली रामनवमीला मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला, पुढं सेनापती बापट त्याचे नेते झाले. तरी धरण झालं. पूर्वेला वाहणारं मुळेचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला घाटाखाली भिऱ्याला सोडलं आणि त्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला गेली. पाणी मुळशीचं गेलं, पाठोपाठ राबणारे हातही घाटावरचे आणि कोकणातले गेले. त्या लढ्यात जमीनवाल्याचं गाऱ्हाणं कागदावर तरी आलं. ज्याच्या नावावर जमीनच नव्हती, त्याचं गाऱ्हाणं कुठल्या कागदावर येणार? पुढं १९८२ चा संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्या जमिनींवर टॉवर आणि मॉल आले. हात राबले त्यांचे, जमिनीचा भाव दुसऱ्यांचा.

आता आपल्या सूसकडं या. खिंडीच्या पलीकडं पाषाण, अलीकडं आपण. डोंगर काळ्या पत्थराचा, वर मुरमाचा पातळ थर, त्यामुळं पाऊस पडला तरी पाणी जमिनीत फार टिकत नाही, ओढ्यानं मुळेकडं निघून जातं. आपल्या पश्चिमेला भाताची खाचरं, पूर्वेला बाजरी-ज्वारीचा मुलूख, आणि आपण मधे. मग बाह्यवळण महामार्ग आला, हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या आल्या, आणि २०२१ साली सूस पुणे महापालिकेत गेलं. बाबासाहेबांनी आपल्याला सांगितलं होतं, खेड्याच्या जाचातून बाहेर पडा, शहराकडं चला. आता शहरच चालत दारात आलंय. बाबासाहेबांच्या लेकरांनी याला भ्यायचं कारण नाही.

पण ते तीन प्रश्न विचारायचेच. वीस-वीस मजले उभे राहिले, त्यांच्याही दारात टँकर उभा असतो. म्हणजे चांगआनला धान्य लांबून यायचं, तसं इथं पाणी लांबून येतं. ओढा बुजवून, त्याच्यावर भिंत घालून जागा मिळते, पण पावसाळ्यात ओढा आपली वाट मागायला येतोच, आणि सखल भागातली वस्ती सहसा आपलीच असते. पैसा जमिनीतून निघतोय, आणि हात? सकाळी त्या इमारतींच्या गेटवर उभं राहून बघा. धुणीभांडी करणाऱ्या, झाडलोट करणारे, पहारा देणारे, त्यात आपली माणसं किती आहेत ते मोजा. कष्टाला मी कमी लेखत नाही, आयुष्य त्यातच गेलं माझं. पण दुसरी पिढीही त्याच गेटवर उभी राहिली तर शहर येऊन आपल्याला काय मिळालं?

म्हणून या वर्षावासात विहारानं एक काम हाती घ्यावं अशी माझी विनंती आहे. तरुणांनी वही-पेन घेऊन गाव फिरावं. ओढे किती, विहिरी किती, त्यातल्या किती बुजवल्या, कोण कुठं कामाला जातं, किती मुलं-मुली दहावीनंतर शाळा सोडतात, सगळं लिहावं. दुसरं, सातबारा आणि फेरफार वाचायला शिका. १९५८ च्या कायद्यानं महार वतन संपलं आणि जमिनी नवीन शर्तीवर परत देण्याची तरतूद झाली. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हे ज्याला माहीत नव्हतं त्याला कुणीतरी कोऱ्या कागदावर अंगठा मागितला. ज्याच्याकडं असा तुकडा असेल त्यानं आधी कागद विहारात आणून चार जणांना दाखवावा. तिसरं, विहाराच्या या खोलीत रोज संध्याकाळी दोन तास अभ्यासिका चालू ठेवा.

इथून फार लांब नाही, देहूरोडला, २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी स्वतःच्या हातानं बुद्धमूर्ती बसवली. आणि कार्ले, भाजे, बेडसे इथली लेणी बघा. ती आडरानात वाटतात, पण जुन्या व्यापारी घाटवाटेजवळ आहेत. कार्ल्याला दान देणाऱ्यांत व्यापारी होते, तसा एक सुतारही होता. त्या सुताराचं नाव दगडावर कोरलंय म्हणून दोन हजार वर्षांनी आपल्याला कळतं. आपलं नाव कुठं लिहिलं जाणार, ते आपणच ठरवायचं आहे.

ह्युएन त्संग परके असून त्यांनी आपली माती, पाणी, माणसं लिहून ठेवली. आपण तर इथलेच आहोत. एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जय भीम!