विमानातलं ताट : देशातलं आणि परदेशवारीतलं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



गेल्या महिन्यात सेक्रेटरींनी मला लिफ्टपाशी गाठलं आणि म्हणाले, ‘काका, मेळाव्यात थोडं बोला. पण बँकेवर नको.’ त्यांचं काही चुकलं नाही. मागच्या वेळी मी मुदत ठेवींवर बोललो तेव्हा पहिल्या रांगेतले दोघे झोपले होते आणि त्यातले एक खुद्द आपले खजिनदार होते. मग आमच्या सौ.नेच विषय सुचवला. म्हणाली, ‘विमानातल्या जेवणावर बोला. लंडनला जाताना काय झालं तेही सांगा. लपवू नका.’ तर आजचं भाषण हे अर्धं भाषण आणि अर्धा कबुलीजबाब आहे.

विषय चैनीचा वाटेल. पण आपल्या इमारतीत बहुतेक मजल्यांवर एखादं तरी घर असं आहे जिथली मुलं परदेशात आहेत. आईवडिलांचे गुडघे दुखतात म्हणून ती आता बिझनेस क्लासची तिकिटं काढतात. मी नोकरीत असताना एलएफसीवर हिंडलो तो मागच्या खुर्च्यांवर बसून. पुढच्या पडद्याआड जाण्याचा योग सत्तरीनंतर आला, तोही मुलाच्या जमलेल्या पॉइंट्सवर. देशात तीन वेळा आणि परदेशी दोन वाऱ्या, एवढीच माझी शिदोरी. कोणत्या कंपनीचं विमान ते सांगणार नाही. एवढ्याशा अनुभवावर कुणाला शेरा द्यायला मी ऑडिटर नाही.

आधी एक गैरसमज काढून टाकू. विमानात स्वयंपाक होत नाही. जेवण विमानतळाजवळच्या मोठ्या फ्लाइट किचनमध्ये शिजतं, झटपट थंड करतात, ट्रॉलीत भरून विमानात चढवतात आणि वर फक्त गरम करतात. देशातलं असो की परदेशातलं, पुढच्या खुर्चीतलं असो की मागच्या, हा नियम सगळ्यांना सारखा. म्हणजे महागाच्या तिकिटातसुद्धा आपण काही तासांपूर्वीचंच जेवतो. फरक असतो तो पदार्थांत, भांड्यांत आणि वाढण्यात.

दुसरी गोष्ट जिभेची. विमान ३५ हजार फुटांवर असलं तरी आतली हवा साधारण ६ ते ८ हजार फुटांवर असते तशी ठेवलेली असते. आपलं कळसूबाई सुमारे ५,४०० फूट. म्हणजे आपण महाराष्ट्राच्या सर्वांत उंच शिखराहूनही वर बसून जेवत असतो. हवा कोरडी, नाक सुकलेलं, कानात इंजिनाची घरघर. अशा वेळी मीठ आणि साखर जिभेला कमी लागतात. लुफ्तान्झा कंपनीने जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेकडून याचा अभ्यासच करून घेतला होता. जमिनीवर फारसं कुणी न मागणारा टोमॅटोचा रस विमानात लोक एवढा का पितात, हाही त्यातला एक प्रश्न होता. आंबट-रसदार चव वर टिकते, गोड-खारट फिकी पडते. चहाचं म्हणाल तर एवढ्या उंचीवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं. त्यामुळे तो आपल्या घरच्यासारखा उतरत नाही. हवाई सुंदरीला दोष देऊ नका.

आता देशातलं ताट. मुंबई-दिल्ली हा प्रवास दोन तासांचा. चढण्या-उतरण्याचा वेळ वजा केला तर वाढायला, खायला आणि उचलायला मिळून जेमतेम तास-सव्वा तास. म्हणून सगळं एकाच ट्रेमध्ये येतं. काचेची बशी, खरे चमचे, कापडी रुमाल. सकाळची वेळ असेल तर इडली-सांबार किंवा उपमा, नाहीतर आम्लेट. बाजूला फळं, दही, पाव, लोणी. दुपारी पनीर किंवा चिकन, डाळ, भात, पराठा आणि एखादा गोड पदार्थ. दारू नाही. आपल्या देशांतर्गत विमानांत ती देतच नाहीत, त्यामुळे तो वेळही वाचतो. सगळं घाईचं काम. मी सांबाराची वाटी पुसून घेत होतो आणि ट्रे उचलायला बाई उभीच.

पण चवीचा हिशेब मांडला तर मी देशातल्या ताटाला चांगले मार्क देईन. कारण सरळ आहे. सांबारातली चिंच, डाळीची फोडणी, लोणचं, आलं, वेलची यांना उंचीवर फारसा मार बसत नाही. रस्सा पुन्हा गरम केल्याने बिघडत नाही, उलट मुरतो. आपल्याकडे कालची आमटी आज जास्त चांगली लागते, ते काय उगीच? विमानातल्या ओव्हनमध्ये बिचारं आम्लेट मात्र रबर होतं. तेव्हा सकाळी इडली घ्यावी, आम्लेटच्या नादी लागू नये. हा माझा पदरमोड न करता मिळवलेला अनुभव.

आता परदेशवारी. मुंबई-लंडन नऊ-दहा तास. तिथे वेळच वेळ. बसल्याबरोबर सरबत किंवा शॅम्पेन, गरम ओला रुमाल, मग जाड कागदाचं मेनू कार्ड. समोरच्या फळीवर पांढरं कापड अंथरतात, मीठ-मिरीच्या इवल्याशा बाटल्या ठेवतात. मग एकेक पदार्थ. आधी गरम बदाम-काजू, मग सुरुवातीची छोटी बशी, सूप किंवा सॅलड, मग मुख्य जेवण, मग चीज, मग गोड, मग कॉफी आणि चॉकलेट. सिंगापूर एअरलाइन्ससारख्या कंपन्यांत तर वरच्या वर्गाच्या प्रवाशाला मुख्य पदार्थ आधीच निवडून कळवता येतो. आणि हे सगळं वाढतात मात्र आपल्या घड्याळाची पर्वा न करता. आमचं विमान रात्री दोननंतर उडालं. म्हणजे पहाटे तीनला सूप! उतरण्याआधी दीड-दोन तास पुन्हा उठवून नाश्ता.

थाट मोठा, यात शंका नाही. पण शाकाहारी माणसाला त्या आठ-दहा ओळींच्या मेनूत एखादीच ओळ आपली सापडते. आणि परदेशी चवीचे सौम्य पदार्थ उंचीवर आणखी सौम्य लागतात. परतीच्या वाटेवर लंडनच्या किचनमधून चढलेली डाळ खाल्ली आणि मुंबईच्या डाळीची किंमत कळली. कंपन्या काटकसरही करतात बरं का. अमेरिकन एअरलाइन्सने १९८०च्या दशकात सॅलडमधलं एक ऑलिव्ह कमी करून वर्षाला सुमारे ४० हजार डॉलर वाचवले, ही गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गात अजून सांगतात. आमच्या बँकेत टाचण्या मोजून देणारे एक साहेब होते, त्यांची आठवण झाली.

आता कबुलीजबाब.

सौ.ला वीस वर्षांचा मधुमेह. जेवणाआधी इन्शुलिन घ्यावं लागतं. लंडनला निघताना तिने नेहमीप्रमाणे डबा भरला. दशम्या, मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि आपल्या बी-विंगमधल्या वहिनींनी दिलेले राजगिऱ्याचे लाडू. मी हसलो. म्हटलं, ‘अगं, एवढ्या महागाच्या तिकिटात डबा काय न्यायचा? लोक काय म्हणतील?’ आणि तो डबा मी माझ्या हाताने मोठ्या बॅगेत टाकला, जी खाली सामानात गेली. विमानतळाच्या लाउंजमध्ये इडल्या वाफाळत होत्या. तिने बशी उचलली तर मी म्हटलं, ‘इथे कशाला पोट भरतेस? वर मेजवानी आहे.’ रात्री आठचं जेवण, त्यावर काही नाही.

वर गेल्यावर कापड अंथरलं गेलं, बदाम आले. मी म्हटलं, ‘आलंच आता ताट. इंजेक्शन घेऊन टाक.’ ती म्हणाली, ‘अहो, समोर येऊ दे ना.’ मी म्हटलं, ‘बिझनेस क्लास आहे, उशीर होतो का कधी?’ तिने घेतलं. आणि पाच मिनिटांत विमान हलायला लागलं. पट्ट्यांचा दिवा लागला, कॅप्टनने कर्मचाऱ्यांनाही बसायला सांगितलं, ट्रॉल्या आत गेल्या.

अर्धा तास गेला. विमान हलतंच आहे. मी सिनेमा लावला होता. सहज बाजूला पाहिलं तर तिच्या कपाळावर घाम. हात थरथरतोय. ‘काय होतंय?’ विचारलं तर काहीतरी पुटपुटली, मला समजलं नाही. बदाम तिने चार खाल्ले होते, त्याने साखर लगेच थोडीच वाढते? जवळ लाडू नाही, साखरेची पुडी नाही, काही नाही. बत्तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की थोडी रक्कम नेहमी हाताशी असू द्या, सगळी अडकवून ठेवू नका. आणि माझी सगळी ठेव त्या वेळी पायांखाली, सामानाच्या कप्प्यात!

मी घंटा दाबली आणि ओरडलो. ती मुलगी, आपल्या नातीपेक्षा थोडी मोठी असेल, खुर्च्यांच्या पाठी धरत धरत आली. मी ‘शुगर, शुगर’ एवढंच म्हणू शकलो. तिला कळलं. संत्र्याचा रस आणला, मांडी घालून खाली बसली आणि स्वतः पेला धरून पाजला. दहा-पंधरा मिनिटांत सौ. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘डबा कुठे आहे?’ त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. आज देतोय, सगळ्यांसमोर. डबा माझ्या दिमाखाखाली दबला होता.

गोष्ट इथे संपली नाही. जेवण आलं तेव्हा तिच्या झाकणाखाली निघाला वाफवलेला मासा! मुलाने तिकीट काढताना प्रेमाने ‘डायबेटिक मील’ निवडलं होतं. ती जन्माची शाकाहारी. चूक कुणाचीच नव्हती. या खास जेवणांना चार अक्षरी खुणा असतात आणि बहुतेक कंपन्यांत एका प्रवाशाला एकच खूण मिळते. डी-बी-एम-एल म्हणजे मधुमेहींचं, पण ते शाकाहारी असेलच असं नाही. तिने माझ्या ट्रेमधली डाळ, दही आणि पाव खाल्ला. मासा मी खाल्ला. चांगला होता, पण ते त्या वेळी सांगण्याची हिंमत झाली नाही.

म्हणून आता दोन ताटांची तुलना पुन्हा करतो. देशातल्या विमानातल्या ज्या एका ट्रेला आपण घाईचं, गरीब म्हणतो, त्याचा एक मोठा गुण मला आधी दिसलाच नव्हता. सगळं एकदम समोर येतं. भात किती, गोड काय, एका नजरेत कळतं आणि मगच औषध घेता येतं. परदेशवारीत पहिल्या बशीपासून गोडापर्यंत तास-दीड तास जातो आणि मुख्य जेवण केव्हा येईल याची खात्री नाही. निरोग्याला तो थाट आहे, मधुमेह्याला ती परीक्षा आहे.

परतीच्या आणि पुढच्या वारीत आम्ही काय केलं ते सांगतो, लिहून घ्या.

एक, ए-व्ही-एम-एल, म्हणजे एशियन व्हेजिटेरियन, ही खूण निवडली. साधारण २४ तास आधी तरी कळवावी लागते. जैन जेवणासाठी व्ही-जे-एम-एल. ‘हिंदू मील’ या नावाला फसू नका, त्यात बहुधा मांसाहार असतो, फक्त गोमांस नसतं.

दोन, इन्शुलिन आणि गोळ्या हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. सामानात कधीच नाही, तिथे गोठण्याची भीती असते.

तीन, ताट समोर आल्याशिवाय इंजेक्शन नाही. वेळ बदलते म्हणून डोसचं निघण्याआधी आपापल्या डॉक्टरांना विचारायचं. शेजाऱ्यांना नाही, मलाही नाही.

चार, खिशात ग्लुकोज किंवा साखर आणि जवळ कोरडा डबा. दही, लोणचं असलं पातळ काही तपासणीत अडतं. फळं आणि दुधाचे पदार्थ घेऊन परक्या देशात उतरू नका, उरलं तर विमानातच सोडा.

पाच, बसल्या बसल्या हवाई सुंदरीला सांगून ठेवायचं की मधुमेह आहे. त्यात लाज कसली?

पुढच्या वारीत सौ.ने पांढऱ्या कापडावर, चांदीसारख्या काट्या-चमच्यांच्या मधोमध आपला स्टीलचा डबा उघडला. मी इकडेतिकडे पाहिलं. पलीकडच्या खुर्चीतले कोट घातलेले एक गृहस्थ टक लावून बघत होते. मला वाटलं, झाली शोभा. तर ते हळूच म्हणाले, ‘काकू, ठेपला आहे का?’

सेक्रेटरी घड्याळ दाखवताहेत. गच्चीवर जेवणाची तयारी झाली आहे आणि पहिली पंगत ज्येष्ठांची आहे. ज्यांना इंजेक्शन घ्यायचं आहे त्यांना एकच विनंती. आधी पान वाढून होऊ द्या.