सा. न. वि. वि. आणि झिप फाईल



ऑगस्ट २०१९ चा महापूर आपण कुणीच विसरलेलो नाही. कोयना धरणातून विसर्ग किती आणि सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी किती, हे दोनच प्रश्न तेव्हा सातारा-सांगलीच्या घराघरांत होते. आयर्विनच्या पातळीनं सत्तावन्न फूट ओलांडले. त्या दिवसांत मोबाईलवर फिरणारे निरोप आठवून पाहा. सुरुवातीला लोक सगळं लिहायचे: अमुक वाजता आयर्विन पुलाजवळ पाणी इतके फूट, इतके इंच. पुढं निरोप आखूड होत गेले. ‘दोन इंच वाढ.’ ‘एक इंच वाढ.’ आणि मग जीव भांड्यात पाडणारा तो एकच शब्द, ‘स्थिर’. पहिला आकडा माहीत असला की नंतर फक्त फरक सांगायचा. फरक नसेल तर एक शब्द पुरे. यात माहिती तसूभरही हरवली नाही. बेरीज केली की तासातासाची पातळी पुन्हा हाती येते.

संगणकातल्या फाईली लहान करण्याचं शास्त्र, ज्याला आपण कॉम्प्रेशन म्हणतो, ते याच शहाणपणावर उभं आहे. जे समोरच्याला ठाऊक आहे, ते पुन्हा सांगत बसायचं नाही.

जवळ कागद-पेन्सिल असेल तर माझ्याबरोबर एक शब्द लिहा: सातारा. स, काना, त, काना, र, काना. अशा सहा खुणा झाल्या. आपलं मराठी आज संगणकात ज्या यूटीएफ-८ पद्धतीनं साठवतात, तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. म्हणजे सातारा या शब्दाला अठरा बाइट. एका बाइटात आठ बिट, म्हणजे शून्य किंवा एक असे आठ आकडे. एकूण १४४ बिट झाले.

आता पाहा, सहापैकी तीन वेळा काना आला आहे. जो सारखा येतो त्याला सगळ्यांत छोटं चिन्ह देऊ. काना म्हणजे नुसतं शून्य. स म्हणजे एक-शून्य. त म्हणजे एक-एक-शून्य. र म्हणजे एक-एक-एक. बेरीज करा, अकरा बिट होतात. या चिन्हांचा तक्ता सोबत पाठवावा लागतो, त्यामुळं एका शब्दापुरता हा खटाटोप परवडत नाही. पण शंभर पानांच्या पुस्तकाला तो तक्ता एकदाच लागतो आणि जागेची मोठी बचत होते. आता सांगली हा शब्द घ्या. स, काना, अनुस्वार, ग, ल, वेलांटी. एकही खूण दुसऱ्यांदा येत नाही. तिथं या युक्तीला फारसा वाव नाही. पुनरावृत्ती असेल तिथं बचत मोठी होते.

ही रीत डेव्हिड हफमन यांची. अमेरिकेतल्या एमआयटीत ते शिकत होते. त्यांचे प्राध्यापक रॉबर्ट फानो यांनी वर्गाला सांगितलं, परीक्षा द्या किंवा निबंध लिहा. हफमननी निबंध निवडला आणि खुद्द प्राध्यापकांना न सुटलेलं कोडं सोडवलं. १९५२ मध्ये तो शोध छापून आला आणि आजही तो आपल्या मोबाईलमध्ये रोज राबतो आहे.

दुसरी युक्ती आपल्या आजोबा-पणजोबांना चांगली अवगत होती. जुनं पत्र काढून बघा. माथ्यावर ‘सा. न. वि. वि.’ असतं. साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. चार अक्षरांत चार शब्द. ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजश्री. ‘चि. सौ. कां.’ आजही लग्नपत्रिकेवर असतं. मोडी दफ्तरात मौजे, पैकी, तालुका असे शब्द पहिल्या अक्षरानंतर दोन रेघा मारून आवरते घेत. लिहिणाराकडं आणि वाचणाराकडं एकच शब्दकोश होता, म्हणून हे जमत होतं. आणि आणखी एक शब्द आपल्या कागदांत पदोपदी दिसतो: ‘वरीलप्रमाणे’. मजकूर वर आलाच आहे, तिकडं बघा.

१९७७ आणि १९७८ मध्ये अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव्ह या इस्रायलच्या दोन शास्त्रज्ञांनी हेच संगणकाला शिकवलं. मजकूर वाचता वाचता यंत्र मागं पाहतं आणि नोंद करतं, की इतकी अक्षरं मागं जा आणि तिथली इतकी अक्षरं उचल. म्हणजे यंत्रानं लिहिलेलं ‘वरीलप्रमाणे’च. फिल कॅट्झ यांची झिप फाईल १९८९ मध्ये आली, आणि पुढं तिच्यात या दोन्ही युक्त्या एकत्र नांदू लागल्या. वर्डची डॉकएक्स फाईल आतून झिपच असते.

या सगळ्या रीतींत एक वचन पाळलेलं असतं. झिप उघडली की मूळ फाईल बिटाबिटानं जशीच्या तशी परत मिळते. नऊवारीची घडी घातली आणि मोडली, लुगडं तेवढंच राहतं.

पण दुसऱ्या प्रकारचं कॉम्प्रेशनही असतं, आणि ते तासगावच्या बेदाण्यासारखं आहे. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. तो टिकतो, लांब पाठवता येतो. पण बेदाण्याचं पुन्हा द्राक्ष होत नाही. फोटोची जेपेग फाईल अशीच असते. यंत्र चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतं, आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे सोडून देतं. यामागचं गणित मांडणाऱ्यांत बेंगळुरूचे नासिर अहमद अग्रभागी होते. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी ते १९७४ मध्ये प्रसिद्ध केलं. आवाजाची एमपी-थ्री फाईल आपल्या कानाच्या मर्यादा ओळखते. ढोल वाजत असताना बांगडीची किणकिण ऐकू येत नाही, मग ती साठवायची कशाला? आठ मिनिटांचं भाषण सीडीच्या दर्जानं साठवलं तर सुमारे ८५ एमबी जागा लागते. नेहमीच्या १२८ केबीपीएस दरानं एमपी-थ्री केलं तर आठ एमबीच्या आत मावतं.

हे शोध मोठे आहेत, उपकारक आहेत. फॉर्म भरताना ‘फोटो ५० केबीच्या आत हवा’ ही अट आपण त्यांच्याच जोरावर पुरी करतो. पण कुठल्या वस्तूचा बेदाणा करायचा आणि कुठल्या वस्तूची नुसती घडी घालायची, हे मात्र आपणच ठरवायला हवं.

पूर ओसरल्यावर आमच्या नात्यातल्या एका घरी ट्रंकेतले कागद गच्चीवर वाळत घातले होते. त्यात एक जुनं पत्र होतं, उसनवारीच्या हिशेबाचं. कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. तिथं त्याचा बेदाणा झाला. तो एकाकडून दुसऱ्याकडं गेला, मूळ फोटो पुसला गेला, कागदाचा तर लगदा झाला. पुढं आम्ही तो फोटो मोठा करून पाहिला. ‘सा. न. वि. वि.’ स्वच्छ वाचता आलं. रकमेचा पहिला आकडा मात्र १ आहे की ९, ते कुणालाच सांगता येईना.

आकडे धूसर होण्यापेक्षाही वाईट घडू शकतं. ज्या कंपनीच्या नावावरून आपण छायाप्रतीला झेरॉक्स म्हणतो, तिच्या काही यंत्रांबाबत २०१३ मध्ये जर्मनीचे डेव्हिड क्रीझेल यांनी एक दोष दाखवून दिला. घराचा नकाशा स्कॅन केला, तर तीन वेगवेगळ्या खोल्यांचं क्षेत्रफळ एकच छापून आलं, १४.१३ चौरस मीटर. जागा वाचवण्यासाठी यंत्रानं सारखी दिसणारी चिन्हं एकच मानली होती. कंपनीनं पुढं सुधारणा दिली. पण विचार करा, हेच सातबाऱ्यावर झालं तर?

क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये माहितीचं मोजमाप शिकवलं. त्यांचं म्हणणं आमच्या त्या पत्रात मला दिसलं. ‘सा. न. वि. वि.’ पुसट असतं तरी आम्ही वाचलं असतं, कारण पत्राची सुरुवात तशीच होणार हे ठाऊक होतं. ज्याचा अंदाज बांधता येतो, त्यात माहिती थोडी. रकमेचा अंदाज बांधता येत नव्हता, म्हणून पत्रातली खरी माहिती त्या आकड्यातच होती.

म्हणून श्रोतेहो, कळकळीची विनंती. खरेदीखत, जुनं पत्र, आजीचा एकुलता एक फोटो स्कॅन कराल तेव्हा भरपूर बारकाव्यानं करा. पीएनजी किंवा टिफसारख्या, काही न गाळणाऱ्या फाईलमध्ये ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे फाईल आहे तशी पोचते. आणि ही मूळ फाईल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, त्यातली एक नदीपासून लांब. फॉर्मसाठी लहान प्रत हवी तर तिच्यावरून खुशाल काढा. मोठ्या फाईलवरून लहान कधीही करता येते. लहानीवरून तो हरवलेला आकडा परत आणता येत नाही.